आपोआप कापलं, पण खाडा धरला का?

तुम्ही हे कधी ना कधी केलेलं आहे. मोबाईलवर 'मंजूर' लिहिलेल्या कुठल्याशा बटणावर अंगठा मारला आणि विसरून गेलात. त्यानंतर दर महिन्याला लायब्ररीचे, जिमचे, दुधाचे, डब्याचे पैसे तुमच्या खात्यातून आपोआप जायला लागले.

ते आपोआप म्हणजे आम्ही.

आम्ही म्हणजे बिबवेवाडीत एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, आमचे मालक आगाशे सर, टेस्टिंग करणारी प्रज्ञा आणि कोड लिहिणारा मी. अजून काही जण आहेत, पण ते विकायचं काम करतात, त्यामुळे ताजेतवाने असतात. थकायचं खातं आम्हा तिघांकडे आहे.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या एका गिऱ्हाईक लायब्ररीच्या मेंबर. त्या म्हणाल्या, "कामाच्या आठवणी लिहा." मी म्हटलं, "मॅडम, आठवणी लिहायला माणूस रिटायर तरी लागतो. मी एकोणतीसचा आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दिसत नाही हो तसं."

म्हणून लिहितोय.

मी करमाळ्याचा. शाळेत माझी ख्याती एकच, आवाज काढणं. हेडमास्तर, एसटी कंडक्टर, निवडणुकीच्या जीपवरचा भोंगा, सगळे हुबेहूब निघायचे. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात "आज अर्धी सुट्टी" म्हटलं तर शिपायाने घंटा देऊन टाकली होती. इंजिनिअर होऊन पुण्यात आलो तेव्हा वाटलं, आता कॉम्प्युटरसमोर कुणाचा आवाज काढणार? पण दिवसभर स्क्रीन बघून डोळ्यांची आग झाली की ऑफिसात मीच करमणूक. आगाशे सर नारायण पेठेतले. त्यांचा आवाज काढायला तर फार कमी शब्द लागतात. "झालं?" एवढं म्हटलं तरी प्रज्ञा दचकून मागे बघते.

धंदा थोडक्यात सांगतो. एखाद्या मेसवाल्या बाईंना किंवा योगा क्लासला दर महिन्याला पन्नास लोकांकडे पैसे मागत बसायचं नसतं. ते आमचं सॉफ्टवेअर घेतात. मेंबर एकदाच परवानगी देतो, महिन्याला जास्तीत जास्त एवढे घ्या म्हणून. मग आमचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी मेसेज टाकतं, ठरल्या तारखेला बँकेकडे मागणी करतं, खात्यात नसतील तर परत येऊन बघतं, आणि मेंबरने सोडलं तर थांबतं. लोकांना वाटतं पैसे कापणं अवघड. ते सोपं आहे, कुणालाही जमतं. योग्य वेळी न कापणं, हे अवघड आहे. माझं सगळं तरुणपण त्यात चाललं आहे.

गिऱ्हाइकंही एकेक. सदाशिव पेठेतल्या एका लायब्ररीचे मेंबर असलेले आजोबा होते. त्यांचा फोन आला.

"अहो, मला मेसेज आलाय. 'अभिनंदन, आपले पेमेंट यशस्वी झाले.' पैसे गेले माझे. अभिनंदन माझं का?"

"सर, तो सिस्टीमचा मेसेज आहे."

"सिस्टीमला कुणी शिकवलं असेल ना? त्याला द्या फोन."

तो मीच होतो. पण मी माझ्याच आवाजात जरा घोगरेपणा आणून दुसरा माणूस झालो आणि माफी मागितली. 'अभिनंदन' काढून टाकलं. पुढच्या महिन्यात परत फोन. "आता ठीक आहे. पण पैसे गेल्याचं थोडं दुःख तुम्हीही दाखवू शकला असता."

दुसरे खडकवासल्याच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ. जिममध्ये नाव घातलेलं, जात कधीच नव्हते. पैसे कापायच्या आदल्या दिवशी आमचा मेसेज गेला की यांचा फोन ठरलेला. "बंद करा."

"कायमचं बंद करू ना सर?"

"कायमचं म्हणजे... नको. कायमचं नको. राहू द्या." मला वाटतं ते आम्हाला जिमचे पैसे देतच नव्हते. आपण उद्यापासून जाऊ शकतो, या वाटण्याचे देत होते. अशा माणसाला सॉफ्टवेअर काय मदत करणार?

आता कोडबद्दल. पैशाचा सगळा हिशोब करणारी एक फाईल होती. आगाशे सरांनी धंदा घरातून सुरू केला तेव्हा एकट्याने लिहिलेली. तिचं नाव 'महिना'. ही फाईल इतकी लांब होती की स्क्रीनवर खाली जाता जाता चहा गार व्हायचा. मध्ये मध्ये सरांनी पुढच्या माणसासाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. 'येथे हात लावण्यापूर्वी मला विचारावे. मी नसल्यास लावू नये.' दुसरीकडे, 'हे का चालते ते माहीत नाही. चालते आहे तोवर सुखाने राहावे.'

कोड चांगलं की वाईट हे बाहेरच्याला दिसत नाही. पैसे बरोबर कापले जातायत ना, मग झालं. पण समजा तुमच्या घराचं वायरिंग असं आहे, की न्हाणीघराचा दिवा बंद केला तर शेजाऱ्यांचा टीव्ही जातो. दिवा लागतो, टीव्हीही दिसतो. फक्त कुणी बटणाला हात लावायचा नाही. 'महिना' फाईल तशी होती. जिमचा एक नियम बदलला तर दूधवाल्याचे मेसेज दोनदा जायचे. मग मी ते दुरुस्त करायचो, तर योगा क्लासच्या लोकांना मेसेजच जायचे नाहीत. रोज संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, आपण आज काम केलं की फक्त घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलली?

मग एक ईमेल आला. आमचे पैसे ज्या मोठ्या कंपनीच्या मार्गाने बँकेत जातात, त्यांनी कळवलं, की तुमच्या कोडची तपासणी होईल. आमच्या दर्जाला उतरलं नाही तर मार्ग बंद. मार्ग बंद म्हणजे आम्ही बंद. तपासणीसाठी त्यांचे एक अरोरा नावाचे साहेब नेमले. ते नोएडातून व्हिडिओ कॉलवर यायचे.

आगाशे सर मला म्हणाले, "सोमनाथराव, साफ करा." मला 'राव' लागला की समजायचं, आता सुटका नाही.

पहिल्याच कॉलला अरोरांनी 'महिना' उघडली आणि खाली खालीच जात राहिले. मग म्हणाले, "ये 'खाडा' क्या है? हर जगह खाडा, खाडा. कोई बग का नाम है क्या?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मराठी वाचकाला खाडा समजावून सांगायला नको. दूध, पेपर, डबा, मेस. आपण गावाला गेलो, कळवलं, तेवढ्या दिवसांचे पैसे धरायचे नाहीत. एवढं साधं. पण ते हिंदीत सांगताना सर अडखळले. "सर, वो... ॲबसेंट डे." अरोरा म्हणाले, "तो पॉज़ फीचर लगाओ ना. सबके पास होता है. अगले महीने से पॉज़, खत्म. ये सब स्पेशल केस निकाल दो. इसी की वजह से आपका कोड ऐसा है."

आणि त्यांचं खरं होतं, हा वैताग. 'महिना' फाईलमधला गुंता बहुतेक सगळा खाड्याचाच होता. प्रत्येक धंद्याचा खाडा वेगळा, आणि सरांनी ज्याने जसा सांगितला तसा तिथल्या तिथे ठिगळासारखा लावलेला. खाडा काढला तर फाईल निम्मी झाली असती. मी तर मनातल्या मनात ती पुसायलाही लागलो होतो.

कॉल संपल्यावर सर खिडकीशी उभे राहिले. खाली सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडबुडे बघत होता. सर म्हणाले, "काढा. मला ऑफिस चालवायचंय. गिऱ्हाइकांना कळवा, पुढच्या महिन्यापासून खाडा नाही, पॉज आहे."

"कमल मावशींना पण?" प्रज्ञाने विचारलं.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना हे सांगतील. जेवतात ना तिथे."

कमल मावशींचा डबा मी पुण्यात आल्यापासून खातो. त्या मूळच्या आंबेगावच्या. गाव शहरात आलं, शेतावर बिल्डिंग झाली, आणि मावशी बिबवेवाडीत तळमजल्यावर मेस चालवायला लागल्या. पोरं, नर्सेस, स्पर्धा परीक्षेवाले, दोन-तीन एकटे म्हातारे. स्वयंपाक असा, की आईला फोनवर कौतुक सांगताना मी थोडं कमी करून सांगतो. पण मावशींची एक अडचण होती. त्यांना पैसे मागता यायचे नाहीत. महिना संपला की मेंबर समोरून जायचा, या भांडी घासत राहायच्या. सून म्हणायची, "आत्या, त्यांना सांगा की." मावशी म्हणायच्या, "माझ्या हातची भाकरी खाल्ली पोरानं, त्येच्यापुढं हात कसा पसरू?" काही पोरं याचा फायदा घ्यायची. कोर्स संपवून, न देता निघूनही गेली.

म्हणून मीच त्यांना आमचं सॉफ्टवेअर लावून दिलं होतं. पहिल्यांदा सगळ्यांचे पैसे आपोआप आले त्या दिवशी मावशींनी मला विचारलं होतं, "कुणाला वाईट न्हाई ना वाटलं?" मी म्हटलं, "मशीनचं कुणाला वाईट वाटतं?" त्या दिवसापासून त्यांनी महिना संपला की मेंबरांशी नीट बोलायला सुरुवात केली. आधी त्या त्या दिवसांत नजर चुकवायच्या.

आता त्यांना जाऊन सांगायचं, की खाडा बंद.

मी गेलो तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी पॉज वगैरे समजावून सांगितलं, थांबवायचं तर पुढचा अख्खा महिनाच. जरा विनोदी करून, अरोरांच्या आवाजात. मावशी एरवी माझ्या नकलांना खो खो हसतात. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"म्हंजी पोरगं गावाला गेलं, मला सांगून गेलं, तरी त्येचं पैसं कापायचं?"

"या महिन्याचे कापले जातील. पुढच्या महिन्यापासून..."

"पर जेवलं न्हाई ना ते."

"मावशी, सगळीकडे असंच असतं आता."

"आसंल." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मग काढून टाक ते मशीन. न जेवल्याचं पैसं मी घेत न्हाई. मी परत मागीन हातानं."

"तुम्हाला मागता येत नाही."

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. "मग न्हाई देणार कोण, तर न्हाई. काय करायचं?"

सून आतून म्हणाली, "काय करायचं म्हंजे काय? मेस बंद करायची, दुसरं काय." आणि मला कळलं की ती चिडून नाही, खरंच सांगतेय.

ऑफिसला परत आलो. प्रज्ञाने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं. त्या आपलं सॉफ्टवेअर सोडतायत." मग म्हटलं, "सर, अरोरांचा अजून एक कॉल लावा. मला बोलू द्या."

"तुम्ही काय बोलणार?"

"नक्कल करणार."

सरांनी मला नीट न्याहाळलं. "नोकरी दुसरीकडे लागलीय का?" पण कॉल लावला.

मी अरोरांना एवढंच म्हटलं, की सर, मी एक छोटंसं नाटक करतो. मग मी स्वारगेटवर एसटी पकडायला धावणारा पोरगा झालो. "मावशी, गावी चाललोय, चार दिवस खाडा धरा!" मग मावशी झालो. "बरं झालं आत्ता सांगितलंस, भाजीला निघालेच हुते. नीट जा." मग मी मशीन झालो, फोनवरच्या त्या ठरलेल्या गोड बाईच्या आवाजात. "आपका भुगतान सफल रहा." मग पोरगा परत आला. "मावशी, मी नव्हतोच की हो इथे." आणि मग मी परत मावशी झालो आणि काहीच बोललो नाही. कारण त्यापुढे मावशी बोलत नाहीत. आत जातात आणि त्या पोराच्या ताटात काहीतरी जास्तीचं वाढून आणतात. आवाज काढायला तिथे आवाजच नाही. मी नुसता स्क्रीनसमोर बसून राहिलो.

प्रज्ञा खाली बघत होती. अरोरा म्हणाले, "हमारी पीजी वाली आंटी छुट्टी के दिनों का एक पैसा कम नहीं करती थी. पूरा पीजी उसको कोसता था." मग चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटतं तेही आमच्यासारखेच दमलेले होते, फक्त त्यांचं ऑफिस मोठं होतं. "ठीक है. खाडा रखो. लेकिन एक जगह रखो. बिखरा हुआ नहीं चाहिए. और हर नियम का टेस्ट दिखाओ मुझे. कोई भी पढ़े तो समझे."

टेस्ट म्हणजे कोडची परीक्षा घेणारं दुसरं छोटं कोड. असं झालं तर उत्तर असं यायला पाहिजे, हे लिहून ठेवायचं. पुढे कुणी चुकीचा हात लावला तर ती परीक्षा लगेच नापास होते आणि बोंब मारते.

पण परीक्षा लिहायला नियम माहीत पाहिजेत. नियम कुठे होते? सरांच्या डोक्यात थोडे, आणि बाकीचे त्या त्या धंदेवाल्याच्या डोक्यात. म्हणून कोडचा दर्जा सुधारायचं काम मी जे केलं, ते आधी फोनवर केलं. कान लाल होईपर्यंत.

दूधवाले म्हणाले, "खाडा? दाराला पिशवी लावलेली नसली की खाडा." प्रज्ञा म्हणाली, "पिशवीला सेन्सर बसवूया." योगाच्या बाई म्हणाल्या, "खाडा नसतो आमच्यात. श्वास घेण्यात खाडा करता का तुम्ही?" पेपरवाले म्हणाले, "रविवारचा खाडा चालत नाही, पुरवणी असते."

आणि मावशी. त्यांचा नियम, सलग तीन दिवस असतील तरच खाडा, आणि भाजीला जायच्या आत सांगायचं.

"भाजीला किती वाजता जाता?"

"जशी सवड मिळंल तशी."

"मावशी, मला कोडमध्ये वेळ टाकावी लागेल."

"तुला कशाला पायजे वेळ? मी फोन उचलला तर वेळेत हाय. न्हाई उचलला तर मी भाजीला गेले."

मी सरांकडे गेलो. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "स्पष्ट नियम आहे. यात अडचण काय?" मग आम्ही खाडा स्वीकारायचं बटणच मावशींच्या फोनवर दिलं. 'धरला' म्हणून. त्यांनी दाबलं तर धरला. जिथे माणसाला कळतं तिथे मशीनने शहाणपणा करायचा नाही, हे मी त्यातून शिकलो.

नवं कोड स्वच्छ झालं. तुकडे छोटे, प्रत्येकाला एकच काम. प्रत्येक महिन्याचा हिशोब त्या महिन्यापुरता, शेजारच्या महिन्यात डोकावायचं नाही. अरोरांना हे फार आवडलं. मग प्रज्ञाने जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवलं. मागच्या सगळ्या महिन्यांचा हिशोब दोघांकडून करून घेतला, उत्तरं जुळतायत का बघायला. जुळली. फक्त कमल मावशींचे मेंबर जुळेनात. आणि तेही एकाच वर्षीच्या गणपतीत.

"नवं चुकतंय," प्रज्ञा म्हणाली.

"जुनं चुकत असेल. सरांनी लिहिलंय."

"सोम्या, पोरं चार दिवस घरी गेली होती. त्या वर्षी गणपती महिन्याच्या शेवटी आले होते. दोन दिवस या महिन्यात, दोन पुढच्यात. आपलं नवं कोड काय म्हणतं? या महिन्यात दोनच, म्हणजे तीनपेक्षा कमी, खाडा नाही. पुढच्यातही दोनच, खाडा नाही."

चार दिवस जेवण नाही, खाडा शून्य. आणि आमच्या सगळ्या परीक्षा पास झाल्या होत्या, कारण आम्ही परीक्षाही महिन्याच्या आतल्याच घेतल्या होत्या. आमच्या धंद्यात सगळं महिन्यात मोजतात. भाडं महिन्याचं, पगार महिन्याचा, डोकंसुद्धा महिन्याचं होतं.

जुन्या फाईलमध्ये एक ओळ होती, जिचा अर्थ मला कधी लागला नव्हता. तपासणीच्या टूलने तिला लाल रंग दिला होता, निरुपयोगी म्हणून. मी ती आनंदाने काढली होती. ती मागच्या महिन्यात डोकावून बघायची.

मी सरांना विचारलं, "सर, हे मागे का बघायचं?"

"अहो, माणूस गावाला जाताना महिना संपायची वाट बघतो का?"

"मग तसं लिहून ठेवायचं ना शेजारी."

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "लिहायचं कशाला?"

एकट्याने काम करणाऱ्या हुशार माणसाची चूक हीच. त्याला माहीत असतं.

शेवटी खाडा आम्ही महिन्याच्या हिशोबातून उचलून वेगळा काढला. त्याला स्वतःची सुरुवात, स्वतःचा शेवट. तीन दिवस झाले का, हे तो स्वतःच्या लांबीवरून ठरवतो. महिना फक्त त्याला विचारतो, "यातले माझ्यात किती?" एवढं कळायला आम्हाला तपासणी, नाटक आणि सगळा पावसाळा लागला. प्रज्ञाने त्याची परीक्षा लिहिली आणि तिला नाव दिलं 'गणपतीला घरी गेलेली पोरं'. अरोरांनी नाव बदलायला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "समझ में आता है." आम्ही पास झालो.

जुनी 'महिना' फाईल काढायच्या दिवशी सरांनी ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मी मागे उभा होतो. म्हणाले, "काय भयंकर लिहिलंय हो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण एकाही पोराचा खाडा बुडाला नव्हता." आणि स्वतःच पुसली. त्या दिवशी मी त्यांचा आवाज काढला नाही. प्रज्ञाने सांगूनसुद्धा.

नव्या कोडवरचा पहिला महिना आला. मी सकाळपासून मावशींच्या मेंबरांची यादी बघत होतो. घरी गेलेल्यांचे खाडे धरलेले, राहिलेल्यांचे पूर्ण कापलेले. कुणाची तक्रार नाही. एकच नाव मला खटकलं, माझंच. पूर्ण महिना कापला होता. आता तपासणीच्या धांदलीत मी किती तरी दिवस ऑफिसातच वडापाव खाऊन भागवलं होतं. डबा न्यायला गेलोच नव्हतो, तेही सलग. म्हटलं, बग राहिलाच.

कोड उलटंपालटं करून बघितलं. चूक सापडेना. शेवटी मावशींकडे गेलो. त्या ओट्याशी होत्या.

"मावशी, माझा खाडा धरला नाही मशीनने."

"मी बटण दाबलं न्हाई."

"पण मी जेवलोच नाही ना इकडे."

"कळवलं हुतंस?"

मी यादी उघडलेला फोन खिशात ठेवला.

"न्हाई ना? मग मी रोज केला तुझा डबा. त्या कोपऱ्यात ठिवायची. येईल, दमून येईल, म्हनून. रात्री सून उचलायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन आता खाडा मागतोस?"

सून हसायला लागली. मावशी नाही हसल्या. ताट काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पोळी टाकली.

मी जेवून ऑफिसला परत आलो. प्रज्ञा अजून माझ्याच नावावर अडकून बसली होती. म्हणाली, "काय निघालं? बग आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर कापलंय."